आगगाडीतला रुसवा

भगवंताच्या लग्नाचं वऱ्हाड बैलगाड्यांनी न नेता आगगाडीनं न्यायचं, हे खुशालराव पाटलांनी दाढी करवून घेताना ठरवलं. (तेव्हा अर्धीच दाढी झाली होती. निदान पुरी होईपर्यंत थांबायला हवं होतं, असं पुढं सगळ्यांचंच मत पडलं.)

याला कारण किसनराव. नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला या दोघांचं एकच गाव, एकच भावकी, शेताला शेत लागून आणि नजरेला नजर भिडून. साता समुद्रापलीकडे अमेरिकेत कोण कोणाशी आणि कशासाठी लढत होतं, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आणला की ती मिटल्याची बातमी आली तेव्हा गावानं जवळजवळ सुतक पाळलं. पुढं भाव उतरला. वर चढलेल्या माना मात्र तितक्या लवकर उतरत नाहीत. त्या बहराच्या दिवसांत किसनरावांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या आणि त्याच बैलांनी लेकीचं लग्न गाजवलं होतं. आता चांदीच्या वर म्हणजे सोनं. ते खुशालरावांना झेपणारं नव्हतं. तेवढ्यात रेल्वे कंपनीनं बडनेऱ्यापर्यंत लोखंड आणून अंथरलं, आणि खुशालरावांची अडचण कंपनीनंच दूर केली.

"अजी, अकोल्याले चाललो आपण, विलायतेले नाई," त्यांच्या घरच्या दुर्गाबाई म्हणाल्या. "गाड्या हायेत, बैल हायेत."

"बैल साऱ्याईपाशी हायेत. सुधारणा म्हणून काई चीज हाय का नाई? तीन दिवसाची वाट चार घंट्यात!"

"अन् वाचलेल्या तीन दिवसात काय करान तुमी?"

याला खुशालरावांपाशी उत्तर नव्हतं. (सुधारणा होऊन इतकी वर्षं झाली, अजून कोणापाशी नाही.)

सुधारणा पत्करली म्हणून खुशालरावांनी रूढी सोडली, असं मात्र कोणी समजू नये. विशेषतः रुसवा. मुलाच्या बापानं मुलीच्या गावच्या शिवेवर रुसायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. वऱ्हाड शिवेशी येतं, मुलीकडची मंडळी पूजेचं ताट आणि वाजंत्री घेऊन सामोरी जातात, तेवढ्यात मुलाच्या बापाला कसली तरी उणीव दिसते. तो बैल सोडायला लावतो आणि गाडीत तोंड फिरवून बसतो. मग पहिल्यांदा मुलीचा काका विनवतो, त्याला ऐकायचं नसतं. दुसऱ्यांदा गावचे म्हातारे विनवतात, त्यांचंही ऐकायचं नसतं. तिसऱ्यांदा मुलीचा बाप स्वतः हात जोडून येतो आणि तेव्हा उतरायचं. आपण उतरणार हे रुसणाऱ्याला ठाऊक असतं आणि मनवणाऱ्यालाही. तरी कोणी घाई करत नाही. न रुसता उतरणाऱ्या मुलाच्या बापाला पंगतीत तूपसुद्धा बेतानं वाढतात. खुशालरावांचे आजोबा एकदा दोन प्रहर रुसले होते. गावात अजून म्हाताऱ्यांचं वय त्या रुसव्यापासून मोजत.

"कायले रुसता?" दुर्गाबाईंनी विचारलं होतं. "जानरावाचं घर चांगलं हाय, माणसं गरीब हायेत."

"गरीब हायेत म्हणूनच रुसाले बरं. खाष्ट माणसासमोर रुसून दाखव बरं!"

ज्येष्ठातला तो शेवटचा मुहूर्त. गोरज, म्हणजे गाई घरी परतायची वेळ. त्यानंतर चातुर्मास, आणि लग्न गेलं दिवाळीपलीकडे. अशा त्या दिवशी सकाळी वऱ्हाड बडनेऱ्याच्या फलाटावर येऊन उभं राहिलं. किसनराव आपल्या मुलाला, बंडूला घेऊन आले होते. भाऊबंदकीत लग्नाला न जाणं परवडत नाही आणि जाणं सोसत नाही, त्यामुळे ते शिंगांच्या शेंब्यांइतकेच चकचकीत होऊन आले होते. खुशालरावांनी सगळ्या वऱ्हाडाला तिसऱ्या वर्गात बसवलं, बायकांना बायकांच्या डब्यात आणि स्वतःला नवरदेवासह दुसऱ्या वर्गात. त्या डब्यात दोघंच. हातात मुंबईहून मागवलेली काळी विलायती छत्री. डब्याला छत होतं, तरी त्यांनी ती अर्धीअधिक वाट उघडूनच धरली होती, कारण दर स्टेशनावर लोक पाहत होते.

भगवंत हा शांत मुलगा. त्याच्या लग्नात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं आणि त्याचीही तक्रार नव्हती. त्याला फक्त भूक लागली होती.

अकोलं आलं. फलाटावर मुलीचे वडील जानराव सहकुटुंब, सवाद्य उभे होते. सनई सुरू झाली. मागच्या डब्यांतून वऱ्हाड भराभरा खाली उतरलं. भगवंत उठला.

"बस खाली," खुशालराव म्हणाले आणि छत्री मिटवून गुडघ्यावर आडवी घेतली. तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं.

रुसायला कारण लागतं. पण आगगाडीच्या कृपेनं ते आयतंच मिळालं होतं. पहिल्यांदा जानरावांचे धाकटे भाऊ खिडकीशी आले.

"पाटील, उतरा ना. ताट तयार हाय."

"शीव कुठीसा हाय तुमच्या गावची?"

"थे तं मागं रायली, कोसभर."

"म्हणजे आमी शीव वलांडून आत आलो, अन् नवरदेवाची पूजा झालीच नाई! चोरावानी आणलं आमाले गावात!"

"पण पाटील, गाडी शिवेवर थांबत नाई ना!"

"थे पाहाचं काम मुलीवाल्याचं."

धाकटे भाऊ रीतीप्रमाणे हात चोळत मागं गेले. दुसऱ्यांदा दोन म्हातारे आले. त्यांनी सावकाश खोकून घेतलं, खुशालरावांच्या आजोबांची आठवण काढली, आजकाल तसा रुसवा कोणाला जमत नाही म्हणून हळहळले. खुशालरावांना फार बरं वाटलं, पण ते वळले नाहीत. म्हातारेही तृप्त मनानं मागं गेले. आता जानरावांची पाळी. जानरावांनी पागोटं नीट केलं, उपरणं झटकलं, दोन्ही हात जोडले आणि अशा वेळी लेकीच्या बापानं जसं चालावं तसं, जड पावलांनी निघाले.

या सगळ्या रीतीत एकाच मंडळीला कोणी सामील करून घेतलं नव्हतं, ती म्हणजे रेल्वे कंपनी. गार्ड डब्याडब्याची दारं लोटत, बाहेरून कड्या घालत आला. खुशालरावांच्या डब्याचं दार मिटलेलंच होतं. त्यानं कडी घातली, शिटी फुंकली.

"इवाई," जानराव खिडकीशी येऊन गहिवरानं म्हणाले, "लेकीचा बाप हाय मी. काई चुकलं असन..."

'चुकलं असन' इथपर्यंत जानराव खिडकीशी होते. 'तं पदरात घ्या' म्हणेपर्यंत ते फलाटाच्या टोकाशी पोचले होते आणि पळत होते. खुशालरावांना आधी वाटलं, फलाटच मागं सरकतोय. मग खरं काय ते ध्यानात आलं, आणि त्यांनी छातीपर्यंत खिडकीबाहेर येऊन ओरडायला सुरुवात केली.

"मानलो! अजी इवाई, मानलो म्या! थांबवा ना हिले!"

त्यांच्या घराण्यात इतक्या लवकर आजवर कोणी मानलं नव्हतं. पण गाडी रुसलेल्या माणसाला थांबत नाही तशी मानलेल्या माणसालाही थांबत नाही. मोर्णेचा पूल खडखडत पायाखालून गेला.

"बाबा," भगवंतानं विचारलं, "संपला का रुसवा?"

"संपला."

"मंग काऊन नाई उतरत आपण?"

खुशालरावांनी दार हलवून पाहिलं. भगवंत म्हणाला, "बंड्या उतरला पण. त्यानं नवा अंगरखा घातला हाय."

हे ऐकून खुशालरावांच्या अंगावर काटा आला. मुलीला हळद लागली होती. हळद लागलेली मुलगी मुहूर्त टळून तशीच राहिली तर अपशकुन, म्हणून नवरदेव वेळेवर न आल्यास मांडवातला दुसरा एखादा शोभेलसा मुलगा उभा करतात, हीही रीतच. रीती सगळ्या जुन्या आणि सगळ्या सारख्याच पक्क्या. बंडू शोभेलसा होता. त्याचा अंगरखा तर फारच शोभेलसा होता. म्हणजे वऱ्हाड आणलं खुशालरावांनी, भाडं भरलं खुशालरावांनी आणि सून जायची किसनरावांच्या घरी!

शेगावला कोणीतरी कडी काढली. स्टेशनमास्तर पुण्याकडचे होते. त्यांच्या बोलण्यात शब्द मोजके असत आणि त्यातला एकही ते परत घेत नसत.

"तिकीट अकोल्यापर्यंतचं आहे," ते म्हणाले. "इथे कसे आलात?"

"रुसलो होतो."

स्टेशनमास्तरांनी नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवत एक पान वाचलं. "झोप लागणं आहे. आजारपण आहे. रुसणं नाही."

"आता अकोल्याले गाडी कधी हाय?"

"उद्या सकाळी."

"लगन आज हाय, गोरजाले! हा पाहा नवरदेव!"

स्टेशनमास्तरांनी भगवंताच्या मुंडावळ्या पाहिल्या. "हा नवरदेवच आहे," त्यांनी मान्य केलं. "पण वेळापत्रक मुहूर्त पाहून केलेलं नाही."

बैलगाडीनं जावं तर पोचायला मध्यरात्र. खुशालराव बाकावर मटकन बसले. समोरच्या रुळावर मालगाडी उभी होती. कापसाच्या गठाणी मुंबईला उतरवून रिकामे डबे वऱ्हाडात परत चालले होते.

"हे कुठी जाते?"

"अकोला. अर्ध्या तासात सुटेल."

"मंग आमाले..."

"मालगाडीत माणसं नेता येत नाहीत."

"रिकामी हाय ना!"

"रिकामी असली तरी मालगाडीच आहे." स्टेशनमास्तरांनी पुन्हा पुस्तक उघडलं. या वेळी ते जरा जास्त वेळ वाचत राहिले. मग चष्मा काढून पुसला. "जनावर नेता येतं," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "आणि जनावराबरोबर राखणदार. एका जनावरामागे एक."

आगगाडी येऊन इतके दिवस झाले होते, पण खुशालरावांना ती इतकी आपली कधी वाटली नव्हती. ते स्टेशनाबाहेर पळाले.

बाहेर निंबाखाली माणिकबाई नावाची एक म्हातारी बकरी घेऊन बसली होती. बकरीला एक पिल्लू होतं. खुशालरावांनी बकरी मागितली आणि खिशात हात घातला तेव्हा त्यांना आठवलं, पैशाची पेटी बायकांच्या डब्यात. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं.

"थे नोको," म्हातारी म्हणाली. "सोनं घरात आलं का जावई येते मांगाले. हे काळं काय हाय?"

"छत्री. मुंबईची."

"काय करते थे?"

खुशालरावांनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. ज्येष्ठातलं ऊन, शेगावचा फुफाटा, आणि म्हातारीच्या अंगावर एकाएकी सावली पडली. तिनं वर पाहिलं. बराच वेळ ती वरच पाहत राहिली.

"बकरी ने," ती म्हणाली. "पिल्लू बी ने. मायेबिगर ओरडन थे."

फलाटावर नवाच पेच पडला. स्टेशनमास्तरांनी बकरी लिहून घेतली, राखणदार म्हणून भगवंत लिहून घेतला आणि पिल्लापाशी येऊन त्यांची लेखणी थांबली.

"हे पूर्ण जनावर आहे का?"

"चार पाय हायेत," खुशालराव काकुळतीनं म्हणाले. "शेपूट हाय. मोजून घ्या."

स्टेशनमास्तरांनी पाय मोजले. "नियमात वय दिलेलं नाही," ते म्हणाले आणि लिहिलं, 'पिल्लू एक. राखणदार खुशालराव.' मग माल कोणाच्या नावे, असं विचारून जानरावांचं नाव घातलं आणि तशी तार अकोल्याला ठोकली. निघताना त्यांनी भगवंताच्या हातात आपल्या डब्यातल्या दोन दशम्या ठेवल्या. "हे नियमात नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

मालडब्यात बसायला काही नव्हतं. पण कापूस मात्र होता. फटीफटीत, कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेला. गाडी सुटली तसा तो उडायला लागला आणि दोन राखणदारांवर व दोन जनावरांवर सारखाच बसायला लागला. पिल्लू घाबरून ओरडू लागलं म्हणून खुशालरावांनी त्याला मांडीवर घेतलं. भगवंतानं दशम्या खाल्ल्या. बकरीला दशमी कोणी दिली नाही म्हणून तिनं मुंडावळ्या खाल्ल्या. ती बाशिंगाला तोंड लावणार तोच खुशालरावांनी ते काढून आपल्या पागोट्याखाली लपवलं आणि उरलेली वाट ते डोकं दोन्ही हातांनी धरून, उन्हाची तिरीप फटीतून किती लाल होते ते पाहत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटत होतं की गाडी आणखी जरा पळेल तर बरं.

इकडे अकोल्यात जे झालं ते त्यांना मागाहून कळलं. तीन वाजता किसनराव घसा साफ करून म्हणाले होते, "आता गाडीचं काई खरं नाई. पोरीले हळद लागली हाय. आमचा बंडू काई परका नाई." भटजींनी सूर्याकडे पाहिलं, जानरावांनी भटजींकडे. तेवढ्यात तार आली. 'बकरी एक, पिल्लू एक, राखणदार दोन.'

"म्या तं बकरी बोलावली नोती," जानराव गोंधळून म्हणाले.

किसनराव हसले. "पाटलानं नवरदेवाच्या बदल्यात बकरी धाडली वाटते!"

दुर्गाबाईंनी तार पुन्हा वाचायला लावली. "दोन जीव राखाले दोन माणसं?" त्या म्हणाल्या. "बकरी एवढी शहाणी असते, तिले एकबी लागत नाई. थे आमचेच हायेत." मग त्यांनी बंडूला मायेनं जवळ बोलावलं, लाडवांच्या परातीपाशी बसवलं आणि 'खाय बाप्पा, लाजू नोको' म्हणत स्वतः वाढत राहिल्या. पाच वाजेतो बंडूला उठून उभं राहणंच जमेना, मग बोहल्यावर कोण चढतो! किसनरावांनी डोळे वटारून पाहिलं, पण लाडू खाऊ नको असं व्याह्याच्या मांडवात सांगणार कसं?

मालगाडी अकोल्यात शिरली तेव्हा मालधक्क्यावर अख्खं वऱ्हाड उभं होतं. या खेपेला कोणाला मनवावं लागलं नाही. गाडी पुरती थांबायच्या आतच एक पांढराफटक माणूस पिल्लू काखेत मारून खाली उडी टाकताना दिसला आणि वाजंत्रीवाला दचकून सनई फुंकायचं विसरला. डोक्यापासून जोड्यापर्यंत कापूस. जानराव हात जोडून पुढं झाले, "इवाई, काई चुकलं असन तं..."

"काई चुकलं नाई!" खुशालराव ओरडले. "चाला! सूर्य कुठीसा हाय?"

पण मालधक्क्यावरच्या कारकुनानं, माल बाबूनं, वाट अडवली. ज्याच्या नावे माल, त्यानं सही करून सोडवून घेतल्याशिवाय माल हलणार नाही. राखणदार मालाबरोबरच. मग जानरावांनी तिथंच, पूजेचं ताट डाव्या हातात धरून, कागदावर निशाणी केली आणि आपला जावई, आपला व्याही व दोन जनावरं रीतसर ताब्यात घेतली. भटजींनी घाईत सगळ्यांनाच कुंकू लावलं. बकरीनं ते शांतपणे लावून घेतलं.

गाई परतत होत्या तेव्हा भगवंत अंतरपाटामागे उभा होता. मुंडावळ्या नव्हत्या, बाशिंग चेपलेलं होतं, भुवया पांढऱ्या होत्या. मुलीनं अंतरपाट दूर होताच एकदा वर पाहिलं आणि ती जी हसायला लागली ती मंगलाष्टकं संपली तरी हसतच होती. भगवंतही हसला. लग्नात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, पण हे त्याला आवडलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिणींची पंगत बसली. दुर्गाबाई पाटावर बसल्या, ताटाकडे पाहिलं, पदर सावरला आणि ताट दोन बोटं पुढं सरकवलं.

वाढणाऱ्यांचे हात थांबले. जानरावांच्या घरच्या आशाबाई धावल्या. दुर्गाबाईंनी तोंड फिरवलं. म्हाताऱ्या बायका आल्या, आपापल्या काळच्या रुसव्यांच्या गोष्टी सांगून गेल्या. शेवटी जानराव पागोटं हातात घेऊन आले. त्यांना धाप लागली होती. आदल्या दिवसापासून रुसणारं माणूस दिसलं की ते आपोआप पळत यायला लागले होते. दुर्गाबाईंनी एक शालू घेतला, सुनेसाठी पाटल्या घेतल्या आणि म्हणाल्या, "अन् वापस जाले बैलगाड्या पायजेत." जानरावांनी तिथल्या तिथं गडी पिटाळला. मग दुर्गाबाईंनी ताट ओढलं आणि त्या पोटभर जेवल्या.

हात धुताना नवऱ्याजवळून जाता जाता त्या हळूच म्हणाल्या, "पाह्यलं? रुसाचं असन तं बुडाखालची चीज जाग्यावर रायते का, थे अगुदर पाहाव."

हे मात्र खुशालरावांना लागलं. आता खरोखरच रुसायचं, असं त्यांनी ठरवलं. मांडवाचा खांब त्यांनी आधी हलवून पाहिला. पक्का होता. त्याला पाठ लावून, तोंड फिरवून ते बसले. काका येईल, म्हातारे येतील, मग हात जोडून जानराव येतील.

मागं बैल जुंपल्याचे आवाज झाले. घुंगरं वाजली. कोणीतरी भगवंताला हाक मारली, नवी सून हसली, बकरी ओरडली. मग दुर्गाबाईंचा आवाज आला, "हाक बाप्पा गाडी, ऊन कलते." घुंगरं दूर जाऊ लागली.

खुशालराव आणखी क्षणभर बसले. मग त्यांनी हळूच मान वळवली.

त्यांना गाडीतून उतरवायला आदल्या दिवशी अर्धं अकोलं लागलं होतं. चढायला मात्र ते आपले आपणच पळत आले.